मऊ पाण्यातले खेकडे

ईश्वरी सातव्या महिन्यात माहेरी आली ती गाडीतून उतरता उतरताच म्हणाली, "आई, खेकड्याचा रस्सा कर. बाकी काही नको."

अलकाने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "आदी आत तर ये. पिठलं टाकलंय तुझ्यासाठी, लसणाची फोडणी देऊन."

"पिठलं?" ईश्वरी उंबऱ्यातच थबकली. "अगं, लोक मुंबईहून तुझा खेकडा खायला येतात आणि पोटच्या पोरीला पिठलं?"

"प्रवासाचा शीण असतो. पयल्या दिवशी हलकंच खावं," असं म्हणून अलका लेकीकडे न बघताच चुलीकडे वळली.

ही शुद्ध थाप होती. अलकाला थापा मारता येत नव्हत्या. मारली की तिचा आवाज उगाचच मोठा व्हायचा. ईश्वरीने मात्र तेव्हा ते मनावर घेतलं नाही. भूक लागली होती, आणि पिठलं झकास झालं होतं.

निगडघोळच्या घाटवळणावर, धरणाच्या अंगाला अलकाची खानावळ होती. नवरा गेल्यावर चार पत्रे उभे करून तिने ती सुरू केली, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे वाट चुकलेले दुर्गवेडे आणि एसटीचे ड्रायव्हर. आता एसटीला ड्रायव्हर उरले नव्हते, मुंबईकरांच्या गाड्याही आपल्या आपणच वळणं घेत यायच्या आणि आतली माणसं खुशाल घोरत असायची. पण खानावळीपुढे जाग आली की सगळ्यांची मागणी एकच असे, मऊ खेकडा. कवच फोडायला नको, काड्यांनी कोरायला नको. अख्खा तळायचा आणि भज्यासारखा खायचा.

मऊ खेकडा पूर्वीही मिळायचा, पण नवसासायासाने. खेकडा वाढला की जुनं कवच त्याच्या अंगाला पुरत नाही. मग तो कात टाकतो आणि नवं कवच टणक होईपर्यंत दगडाखाली दडून बसतो. अलकाचं माहेरही निगडघोळच. ती लहान असताना तिचे वडील, आबा, तिला घेऊन ह्याच ओढ्यात उतरायचे. दगड उचलायचा, पाणी निवळू द्यायचं आणि मागून पाठीवर बोट दाबून खेकडा धरायचा, हे त्यांनीच तिला शिकवलं. एखादा कात टाकलेला हाती लागला की आबा त्याला कुड्याच्या पानात गुंडाळायचे आणि विचारायचे, "गावात कुनाची लेक पोटुशी हाय गं?" तो खेकडा घरात खायचा नसे. माहेरपणाला आलेल्या गरोदर लेकीकडे तो पोचवायचा, मग ती कुणाच्याही घरची असो. त्याला म्हणतच 'लेकीचा खेकडा'.

ईश्वरीच्या वेळी अलकालाही तो मिळाला होता. आबा चिखलाने माखलेल्या पायांनी दारात उभे होते, हातात पानाची पुडी आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचं हसू. त्या खेकड्याची गोडी जिभेवर होती की आबांच्या हसण्यात होती, हे तिला कधीच ठरवता आलं नाही.

म्हणूनच, चार-पाच वर्षांपूर्वी ओढ्यातले खेकडे जेव्हा सरसकट मऊच निघू लागले, तेव्हा निगडघोळमध्ये कुणाच्या कपाळावर आठी उमटली नाही. दुसऱ्या कुठल्या गावात लोक म्हणाले असते, खेकड्यांना रोग आला. इथे गाव हरखला. देव पावला, लेकींचं दान वाढलं, असं म्हणून खंडोबाच्या देवळात नारळ फोडण्यात आले. शकुनावर शंका घ्यायची नसते. अलकानेही घेतली नाही; तिने तळायची कढई मोठी आणली.

त्याच सुमाराला धरणाकाठी मोठी लाँड्री आली होती. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे इथे धुवायला यायचे आणि धुण्याचं पाणी धरणात, तिथून खाली ओढ्यात उतरायचं. अलकाची जाऊ मंदा तिथे मुकादम होती, गावातल्या पंचवीस-तीस बाया तिच्या हाताखाली होत्या. जन्मभर दुसऱ्याच्या भातात वाकलेल्या या बायका आता गणवेश घालून, गप्पा हाणत कामाला जायच्या. लाँड्रीत वापरायची पावडर होती 'निथळ', आणि निथळ बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ईश्वरी नोकरीला होती. सारं कसं घरच्याघरी जुळून आलं होतं.

नोकरी लागली तेव्हा ईश्वरीनेच आईला निथळची करामत समजावून सांगितली होती. निगडघोळच्या बोअरचं पाणी जड. त्यात डाळ शिजता शिजत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो आणि साबणाचा फेस न होता नुसता साका होतो. हा सगळा पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमचा आणि मॅग्नेशियमचा प्रताप. साबण मळाला धरायच्या ऐवजी त्या धातूंनाच धरून बसतो आणि वाया जातो.

"मग आम्ही काय करतो, साबणाच्या आधी एक रेणू पाण्यात सोडतो," ती म्हणाली होती. "त्याला चारी बाजूंनी नांग्या असतात. अगदी खेकड्यासारख्या. ह्या जातीच्या रसायनांचं शास्त्रीय नावसुद्धा नांगीवरूनच पडलंय. तो कॅल्शियमला गच्च धरतो, की पाणी झालं मऊ. साबण मोकळा."

"आन मंग त्यो खेकडा जातो कुटं?" अलकाने विचारलं होतं.

"जुना होता ना, ईडीटीए, तो कुठेच जायचा नाही. शाम्पूत, साबणात, सगळीकडे असायचा. अंगाला फारसा त्रास नाही, पण पाण्यात गेला की वर्षानुवर्षं कुजत नाही आणि तळाच्या गाळात बसलेले जड धातू उचलून वर आणतो. आमचा त्याच्याहून ताकदवान आहे, पण जंतू त्याला महिनाभरात खाऊन टाकतात. आम्ही तपासलंय." असं म्हणताना तिचा चेहरा उजळला होता, आणि अलकाला वाटलं होतं, आबा असते तर त्यांना हे फार आवडलं असतं.

अलकाच्या मनात पाल चुकचुकली ती कोंबड्यांमुळे. खानावळीतली खेकड्यांची उष्टीखरकटी परसातल्या कोंबड्यांना पडायची. पूर्वी त्या कवचांवर पोसलेल्या कोंबड्यांची अंडी दगडासारखी टणक. आता अंडं उचललं की बोट आत जाई. एका अंड्याला तर टरफलच नव्हतं, नुसती ओली पातळ कातडी. ते तळहातावर धरून अलका बराच वेळ उभी राहिली. ओढ्यातला खेकडा कात टाकतो, तो चार दिवसांनी टणक होतो. हे खेकडे तर वर्षं झाली, टणक व्हायचं नावच घेत नव्हते.

तिने कुणाला विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की त्याप्रमाणे वागावं लागतं. बाहेर बाकड्यांवर माणसं खोळंबली होती. तिने अंडं उकिरड्यात पुरलं आणि कढईत तेल ओतलं.

आणि आता लेक माहेरी आली होती, पोटात बाळ घेऊन, आणि रोज रस्सा मागत होती.

पहिला आठवडा अलकाने कसाबसा निभावला. एकदा म्हणाली, पुनव जवळ आली, पुनवेला खेकडा पोकळ असतो. मग म्हणाली, मसाला संपलाय. मग म्हणाली, गरोदरपणात खेकडा उष्ण पडतो.

"आई, ह्या गावात पोटुशीला ओढ्यातला खेकडा पोचवायची रीत आहे आणि तू मला उष्ण सांगतेस?" ईश्वरी हसली. "आबांची मुलगी ना तू?"

बाहेरच्या बाकड्यावर दोन ताटं नेऊन ठेवायची होती, ती घेऊन अलका गेली. मऊ खेकड्याची होती. ईश्वरी जाणाऱ्या ताटांकडे बघत राहिली, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं.

डोहाळजेवण रविवारी धरलं. रविवारी खानावळ बंद ठेवणं अशक्य, म्हणून मांडवात एकीकडे ओटी भरायची गडबड आणि दुसरीकडे गिऱ्हाइकांची पंगत असा दुहेरी थाट होता. ईश्वरीला हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचा कमरपट्टा. दोन झाकलेल्या वाट्यांतली तिने एक उघडली, त्यात बर्फी निघाली, तशा बाया ओरडल्या, "मुलगी! मुलगी!" अलकाने टाळ्या वाजवल्या, पण लक्ष सगळं दाराकडे होतं. मंदा अजून आली नव्हती, आणि ती काय घेऊन येणार हे अलकाला ठाऊक होतं.

मंदा आली ती केळीच्या पानावर तळलेला खेकडा मिरवत.

"सरा, सरा! लेकीचा खेकडा आलाय!" ती म्हणाली. "दीर असते तर त्यांनी धाडला असता, आबा असते तर त्यांनी. ते दोगं न्हाईत म्हनून मीच सकाळी वड्यात उतरले. खा गं माजे बाय."

ईश्वरीने हात पुढे केला. आणि अलकाने ते पान मंदाच्या हातातून ओढून घेतलं.

"तिला न्हाय द्यायचा."

मंदाचा हात तसाच पुढे राहिला.

"का गं अलके? माज्या हातचं चालत न्हाय तुला?"

"तसं न्हाय मंदा."

"मंग कसं? साऱ्या दुनियेला चारतीस की तू हेच."

पंगतीतली एक बाई मान वळवून ऐकत होती. मुंबईचीच असावी. मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, आणि त्या मुलीच्या तोंडात ती खेकड्याचा तुकडा भरवत होती. "ताई, काही प्रॉब्लेम आहे का?" तिने विचारलं. "म्हणजे, हिला मी देतेय."

अलकाने त्या पोरीकडे पाहिलं. गालाला मसाला लागला होता, डोळे तिखटाने पाणावले होते, तरी तोंड आणखी एका घासासाठी उघडं होतं. अलका गेली, त्या बाईपुढचं ताट उचललं आणि म्हणाली, "नका देऊ." मग पंगतीतलं एकेक ताट उचलत गेली. "माज्या लेकीला मी जे वाडत न्हाय, ते तुमाला वाडत हुते. माफ करा. उठा आता." शेगडी बंद करून तिने कढई परसात नेली आणि राखेच्या खड्ड्यात उपडी केली.

गिऱ्हाइकं चिडली, काही हसली, काहींनी फोन काढून चित्रण केलं. डोहाळजेवणाची गाणी सुरू व्हायची होती, ती राहिलीच. बाया खाली माना घालून निघून गेल्या.

फुलांचा मुकुट काढून ठेवत ईश्वरीने विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"म्हाईत न्हवतं गं. वाटत हुतं." अलकाने तिला अंड्यांची गोष्ट सांगितली. सांगता सांगता तिला रडू फुटलं. "वाटत हुतं तरी विकलं मी. तुला द्यायची वेळ आली तेव्हा हात धजला न्हाय."

रसायनशास्त्र शिकलेल्या ईश्वरीला अंड्याचं टरफल कशाचं असतं हे सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी तिने ओढ्याचं पाणी, धरणाचा गाळ आणि डझनभर खेकडे तिच्या जुन्या कॉलेजच्या सरांकडे पाठवले. कंपनीकडे पाठवले नाहीत.

सरांचा फोन आला तेव्हा ती परसात बसली होती. ऐकता ऐकता तिचा हात आपोआप पोटावर गेला. फोन ठेवल्यावर ती आईला म्हणाली, "आम्ही रिकाम्या नांग्या कुजवून बघितल्या."

"म्हंजी?"

"प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात आमचा रेणू टाकला, त्यात जंतू सोडले. जंतूंनी तो खाल्ला. पण तिथे धरायला काही नव्हतं गं त्याला. ओढ्यात एकही नांगी रिकामी राहत नाही. आणि धातू गच्च धरून बसलेला रेणू जंतूंना फोडताच येत नाही. म्हणजे गेली पाच वर्षं तो साठतोच आहे. खेकड्यांच्या कल्ल्यांवर बसतो आणि पाण्यातलं कॅल्शियम आत जाण्याआधीच पकडतो. मग कवच कशाचं होणार?"

"आन पोराला अपाय कशाचा?"

ईश्वरीने खालचा ओठ दाताखाली धरला. "शिशाचा. धरणाच्या तळाला मासेमारीची जाळी तुटून पडलीयेत ना, पन्नास वर्षांची? जाळ्यांना शिशाच्या गोळ्या असायच्या. एरवी गाळात पडून राहिल्या असत्या. पण हा रेणू शिसं दिसलं की कॅल्शियम सोडतो आणि शिशाला धरून वर आणतो. कॅल्शियमला भुकेलेला खेकडा ते शिसंच कॅल्शियम समजून अंगात घेतो. आणि..." ती थांबली. "गरोदर बाईचं शरीरही कॅल्शियमला भुकेलेलंच असतं, आई. तेही फसतं. बाळाच्या हाडापर्यंत पोचवतं."

अलकाने लेकीला जवळ ओढलं. त्या केळीच्या पानावरचा तो एवढासा खेकडा तिला डोळ्यांपुढे दिसत होता.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. ईश्वरीच्या वरिष्ठांनी फोनवर फार गोड बोलून सांगितलं की तिने सध्या स्वतःला जपावं, बाळंतपणाचं सगळं कंपनी बघेल, आणि ह्या विषयावर सावकाश, पुढच्या वर्षी बोलता येईल. ईश्वरीने ऐकून घेतलं आणि सरकारकडे स्वतःच्या नावानिशी तक्रार केली. नोकरी गेली. निथळवर बंदी आली, ओढ्याकाठी फलक लागले, आणि जड पाण्यात निथळशिवाय धुणं जमेना म्हणून लाँड्रीच्या दाराला कुलूप पडलं.

मंदा भर रस्त्यात अलकाला म्हणाली, "तुजी लेक शिकली म्हनून तिला दुसरी नोकरी गावंल. माज्या बायांनी आता काय करायचं? पुन्ना भात लावायचं? आदी तुज्या पोरीनंच पावडर काडली, आता तिनंच बंद केली. मदी मेलो आमी." तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. दोघींच्या परसांमध्ये कंबरभर उंचीची दगडी ताल, नुसते दगड रचलेली भिंत, होती. तिच्यावरून लग्न झाल्यापासून वाटी-वाटी साखर आणि गावभरच्या चुगल्या इकडून तिकडे जात आल्या होत्या. आता मंदा पाठ करून भांडी घासायची. खानावळीची बाकडी धूळ खात पडली.

ईश्वरीचे दिवस भरत आले. तिला अन्न जाईना. एका दुपारी परसात अलका तिच्यापुढे पिठलं-भाकरी घेऊन बसली होती, आणि ईश्वरी नुसती भाकरीच्या कडा कुरतडत होती.

"आई, हा गाळ कधी साफ होईल माहितीये?" ती म्हणाली. "सर म्हणाले, भरलेली नांगी फोडणारे जंतू कुणी शोधून काढले तर लवकर. नाहीतर पोटातल्या हिचं लग्न होईपर्यंत तरी नाही. हिला कळणारच नाही बघ, आपला रस्सा कसा असायचा." तिने भाकरी ताटात ठेवली. "मला तरी कुठे मिळाला शेवटचा? मागच्या खेपेला आले तेव्हा अर्धी वाटी टाकून दिली होती मी. पोट भरलं म्हणून."

अलकाने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि म्हणाली, "डोळे मीट."

"काय गं?"

"मीट म्हनते ना. खेकडे आनलेत मी, काळे, चांगले हाताएवडे. सकाळीच आबा देऊन गेलेत. टोपलीत खडखड वाजतायत बघ. आता त्यांच्या नांग्या आन पाय मोडून घेते. मोठ्या नांग्या बाजूला, तुला लागतात त्या. बारके पाय उखळात. कुटते आता."

ईश्वरीने डोळे मिटले. अलकाने घास तिच्या तोंडात दिला.

"चांगला बारीक झाला कूट. त्यात पानी घालते आन फडक्यातनं पिळून काडते. बघ कसा दुदासारका रस निघालाय. आता चुलीत कांदा भाजायला टाकलाय, सालीसकट. त्याच्याशेजारी खोबऱ्याची वाटी."

"वास येतोय," ईश्वरी पुटपुटली, आणि तिने आणखी एका घासासाठी तोंड उघडलं.

"येनारच. आता पाट्यावर वाटन घेते. आलं, लसून, कोथमिरीच्या काड्या..."

"खोबरं करपवू नकोस म्हनावं," तालीपलीकडून आवाज आला. "दर येळेला करपवतीस."

अलकाचा हात हवेतच थांबला. मंदा पाठमोरीच होती. हातातल्या पातेल्यावर राख तशीच होती, घासणं मात्र बंद होतं.

"न्हाय करपवत," अलका म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "काडलंय मी बाहीर."

"आन रस फोडनीत एकदम वतू नको, फाटतो. दमादमानं." मंदाने पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि ती तालीवरून पाय टाकून अलीकडे आली. ईश्वरीच्या दुसऱ्या बाजूला बसली. "मसाला कुनी टाकायचा?"

"तू टाक."

"टाकला. आता उकळी फुटू दे. मोठ्या नांग्या सोड त्यात. लाल झाल्या बघ कशा."

दोघी आळीपाळीने सांगत राहिल्या आणि आळीपाळीने भरवत राहिल्या. ताटातलं पिठलं संपलं, भाकरी संपली. ईश्वरीने डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांखालून पाण्याची धार लागली होती आणि ती पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"आई, तिखट झालाय गं," ती म्हणाली.

"व्हय," मंदा म्हणाली आणि तिने स्वतःच्या पदराने तिचे डोळे टिपले. "मसाला मीच जरा जास्त टाकला."